पानावरची सुपारी आणि एबी फॉर्म

१० मे २०२४ ला अक्षय्य तृतीया होती. बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ नावाचं गाव आहे. तिथे गावाबाहेरच्या शेतात दरवर्षीप्रमाणे संध्याकाळी घट मांडला गेला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याचं वाचन झालं. पाऊसपाण्याचं सांगून झालं, पिकांचं सांगून झालं. राजाचं मात्र त्या वर्षी काहीच सांगितलं गेलं नाही. लोकसभेची निवडणूक चालू होती, आचारसंहिता लागलेली होती आणि घटानेही ती पाळली.

भेंडवळची घटमांडणी तीनशेहून जास्त वर्षांची आहे, असं गाव सांगतं. चंद्रभान महाराज वाघ यांनी ती सुरू केली. आज त्याच घराण्यातले पुंजाजी महाराज आणि सारंगधर महाराज ती चालवतात. शेतात एक गोल आखायचा. त्याच्या कडेने अठरा धान्यं मांडायची: गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, करडई, मसूर, भादली, सरकी आणि बाकीची. मधोमध खड्डा, खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याने भरलेली घागर. घागरीवर पुरी, पापड, कुरडई, सांडोळी, करंजी, भजं, वडा. तिथेच विड्याचं पान आणि पानावर सुपारी. मग रात्रभर त्या बाजूला कुणी फिरकायचं नाही. वारा, मुंग्या, उंदीर, पाखरं यांना मोकळं रान. पहाटे जाऊन बघायचं की कोणतं ढेकूळ किती भिजलं, कोणता दाणा गोलाच्या आत आला, कोणता बाहेर गेला. पुरी म्हणजे पृथ्वी, भादली म्हणजे रोगराई, मसूर म्हणजे शत्रू, करडई म्हणजे देशाचं संरक्षण. पान ही गादी आणि सुपारी हा राजा. सुपारी जागची हलली नसेल तर राजा कायम.

२६ जानेवारी १९५० पासून या देशाला कायद्याने राजा नाही, पण त्याची नोटीस घटाला कुणी बजावलेली दिसत नाही. गंमत अशी की ती मतदारालाही नीटशी मिळालेली नाही. ‘यंदा कोण बसतंय?’ हा प्रश्न पारावर विचारला जातो तेव्हा खुर्ची गृहीत असते, बसणारा कुणीतरी असणारच हेही गृहीत असतं. विचारणाऱ्याला फक्त नाव हवं असतं. त्या प्रश्नात ‘कुणाला बसवायचं’ हा भाग बहुतेक वेळा नसतो.

धर्मविचारातला हा जुना पेच आहे. गादीवरचा माणूस ठरलेला असतो की ठरवला जातो?

आधी कायद्याचं म्हणणं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६-अ नुसार पहिल्या टप्प्याचं मतदान सुरू झाल्यापासून शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत मतदानोत्तर चाचण्या जाहीर करता येत नाहीत. ३० मार्च २०१७ ला निवडणूक आयोगाने माध्यमांना बजावलं की ज्योतिषी, टॅरोवाले, राजकीय विश्लेषक किंवा आणखी कुणी, कोणत्याही रूपात या काळात निकालाचं भाकीत करणं हा त्या कलमाच्या हेतूचा भंग आहे. ज्योतिषी आणि विश्लेषक यांना आयोगाने एकाच रांगेत बसवलं. यात जास्त वाईट कुणाला वाटलं असेल हे सांगणं अवघड आहे.

आयोगाने भाकीत खोटं असतं असं म्हटलेलं नाही, ही त्यातली बारीक गोष्ट. त्याचा आक्षेप एवढाच, की भाकीत ऐकून माणसं मत बदलतात. जे ठरलेलंच आहे ते ऐकल्याने कसं बदलेल? बदलत असेल तर ते ठरलेलं नव्हतं. म्हणजे दैव आणि पुरुषार्थ या वादात भारताचा निवडणूक आयोग, त्याला ठाऊक असो वा नसो, पुरुषार्थाच्या बाजूला बसला आहे. भाकीत करणं हीही त्याच्या लेखी एक कृतीच, प्रचारासारखी.

२०२४ मध्ये मात्र आणखी एक विचित्र गोष्ट झाली होती. बुलढाणा मतदारसंघाचं मतदान २६ एप्रिललाच उरकलं होतं. भेंडवळचा घट मांडला गेला तेव्हा भेंडवळकरांनी कुणाला निवडलं हे यंत्रात पक्कं बसलं होतं आणि यंत्रं कुलपात होती. निकाल लागायचा होता ४ जूनला. मतदानापासून ३९ दिवस बुलढाण्याचा खासदार ठरलेला होता आणि कुणालाही माहीत नव्हता. ॲरिस्टॉटलने विचारलं होतं की उद्या समुद्रात लढाई होईल हे विधान आजच खरं किंवा खोटं असतं का. इथे लढाई होऊन गेली होती, बातमी तेवढी यायची होती. त्या पहाटे कुणी बुलढाण्याच्या जागेचं काही सांगितलं असतं, तर ते भविष्य ठरलं असतं की भूतकाळाची खबर? आणि ‘नशिबात असेल तसं होईल’ असं त्या ३९ दिवसांत जे उमेदवार म्हणाले असतील, त्यांचं नशीब कुलपाआड निजलेलं होतं आणि मतदारांनीच ते तिथे नेऊन ठेवलं होतं.

शांतिपर्वात भीष्म शरशय्येवरून युधिष्ठिराला राजधर्म सांगतात. काळ राजाला घडवतो की राजा काळाला, अशी शंकाच नको, राजाच काळाचं कारण आहे, असं ते म्हणतात. राजाने दंडनीती पूर्ण राबवली तर कृतयुग, सोडून दिली तर कली. युग पंचांगातून येत नाही, कारभारातून येतं, असा त्याचा रोखठोक अर्थ. भेंडवळचा घट वरवर याच्या उलट वाटतो, कारण तिथे सुपारी हलवणारा वारा किंवा उंदीर असतो. पण मांडणीकडे नीट पाहिलं तर दोन्हीकडे एक समान धागा सापडतो. पाऊस, रोगराई, शत्रू, संरक्षण आणि राजा हे सगळं घटात एकाच गोलात असतं. राजाला वेगळं आसन नाही, सरकीच्या शेजारीच त्याचा हिशेब. सोयाबीनचा भाव पडला की इथला शेतकरी ढगाला बोल लावत नाही, बरोबर मुंबई-दिल्लीचं नाव घेतो. भीष्मांचं म्हणणं त्याच्या अंगवळणी पडलेलं आहे.

योगवासिष्ठ याहून पुढे जातो. रामाला वैराग्य आलेलं असतं, काही करावंसं वाटत नाही, तेव्हा वसिष्ठ त्याला सांगतात की दैव म्हणून निराळं काही नाही. आधी केलेल्या प्रयत्नाचं फळ आपल्यापर्यंत पोचतं तेव्हा त्याला आपण दैव म्हणतो. कालचा पुरुषार्थ आणि आजचा पुरुषार्थ हे दोन मेंढ्यांसारखे एकमेकांना टकरा देतात, ज्याचा जोर जास्त तो जिंकतो. रामदासांनी तर यत्नालाच देव मानलं. नियतीपुढे मान तुकवणारा समाज अशी आपली ख्याती असली, तरी आपल्याच ग्रंथांनी तिला जागोजागी छेद दिलेला आहे.

विवेकवाद्यांचा आक्षेप वेगळा आहे आणि तो टाळून चालणार नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ भेंडवळच्या भाकितांवर वर्षानुवर्षं टीका करते आहे: विधानं मोघम असतात, बरोबर आलेली लक्षात राहतात, चुकलेली विसरली जातात. जन्मकुंडलीच्या बाबतीत तर महाराष्ट्रात रीतसर चाचणीही झाली. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या मिळून २०० कुंडल्या जमवल्या आणि कोणती कुठल्या गटातली हे ज्योतिषांना ओळखायला सांगितलं. ज्या २७ जणांनी प्रत्येकी ४० कुंडल्यांची उत्तरं पाठवली, त्यांची सरासरी ४६ टक्के आली. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढंच आलं असतं. २००९ मध्ये हे निष्कर्ष ‘करंट सायन्स’मध्ये छापून आले. घटाची अशी चाचणी घेतली तर निराळं काही निघेल, असं मानायला आधार नाही.

पण एवढ्यावर हसून मोकळं होणं हेही आळसाचंच. घट आणि राज्यकारभार यांचं नातं आपल्याकडे फार जुनं आहे आणि ते फक्त भविष्याचं नाही. कांचीपुरमजवळच्या उत्तिरमेरूरच्या देवळात पहिल्या परांतक चोळाच्या काळातला, इसवी सन ९२० च्या आसपासचा शिलालेख आहे. गावाचे तीस वॉर्ड. प्रत्येक वॉर्डातल्या पात्र लोकांची नावं ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून घटात टाकायची, घट हलवायचा आणि एका लहान मुलाने सगळ्यांदेखत त्यातून एक चिठ्ठी काढायची. ज्याचं नाव निघालं तो कारभारी. पण चिठ्ठी टाकण्याआधीची चाळणी कडक होती. वय ३५ ते ७०, स्वतःच्या जागेवर घर, कर भरणारी जमीन, शिक्षण. गेल्या तीन वर्षांत समितीवर असलेला चालणार नाही. आधी कारभार करून हिशेब न दिलेला चालणार नाही आणि त्याचे नातेवाईकही चालणार नाहीत. ही शेवटची अट आज महाराष्ट्रात लावली तर किती मतदारसंघांत अर्ज भरायला माणूस उरेल, याचा वाचकांनी आपापल्या तालुक्यापुरता विचार करावा.

ॲरिस्टॉटलही चिठ्ठीला लोकशाहीचं लक्षण मानत असे आणि निवडणुकीला मूठभरांच्या राज्याचं. आपल्या राज्ययंत्रणेनेही चिठ्ठी टाकून दिलेली नाही. सरपंचपदाचं आरक्षण ठरतं ते सोडतीने: तहसीलच्या सभागृहात एखादं शाळकरी पोर बरणीत हात घालतं, पुढारी माना उंच करून बघतात आणि कित्येकांची पाच वर्षांची तयारी एका चिठ्ठीत संपते. मतं समसमान पडली तरी कायदा चिठ्ठीच काढायला सांगतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा यांना सारखीच मतं मिळाली, चिठ्ठी निघाली आणि शहा नगरसेवक झाले. या चिठ्ठीला कुणी अंधश्रद्धा म्हटलं नाही. कारण चिठ्ठी आपल्याला काही ठाऊक असल्याचा दावा करत नाही, आणि ती सगळ्यांसमोर निघते.

सगळ्यांसमोर हा शब्द इथे महत्त्वाचा. भेंडवळचा घटसुद्धा उघड्या शेतात असतो. पटो न पटो, दाणा कुठे सरकला हे पहाटे जमलेल्या कुणालाही दिसतं. गादीचा खरा निवाडा जिथे होतो तिथे मात्र असं नसतं.

महाराष्ट्रात उमेदवार होणं म्हणजे एबी फॉर्म मिळणं. ‘ए’ फॉर्मवर पक्ष कळवतो की तिकिटावर सही करायचा अधिकार कुणाला आहे, ‘बी’ फॉर्मवर तो अधिकारी उमेदवाराचं नाव लिहितो, सोबत पर्यायी नावही. सही शाईची लागते, छापील किंवा शिक्क्याची चालत नाही. अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत हे कागद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर पडले तर चिन्ह, नाहीतर माणूस अपक्ष. २०२४ च्या विधानसभेला हा दिवस होता २९ ऑक्टोबर, नेमकी धनत्रयोदशी. त्याआधी २४ ऑक्टोबरला गुरुपुष्यामृत होतं आणि मुहूर्त साधून अर्ज भरणाऱ्यांची राज्यभर रीघ लागली होती. आपल्यापुरता मुहूर्त चालतो, पण वरून यादी येईपर्यंत काही चालत नाही, हे त्यांच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

बुलढाणा जिल्ह्याने त्या वर्षी या खेळाचे सगळे प्रकार पाहिले. बुलढाणा विधानसभेची जागा महाविकास आघाडीच्या वाटपात शिवसेनेच्या ठाकरे गटाकडे गेली. त्यामुळे २०१४ ला इथून निवडून आलेले काँग्रेसचे हर्षवर्धन सपकाळ रिंगणातच नव्हते. ठाकरे गटाच्या जयश्री शेळके शिंदे गटाच्या संजय गायकवाड यांच्याकडून अवघ्या ८४१ मतांनी हरल्या. आणि ज्यांच्या वाट्याला मतदारसंघच आला नव्हता ते सपकाळ फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष झाले, म्हणजे इतरांची तिकिटं ठरवणाऱ्यांत जाऊन बसले. सिंदखेड राजात महायुतीचे दोन उमेदवार एकमेकांसमोर उभे राहिले, शिंदे गटाचे शशिकांत खेडेकर आणि अजित पवार गटाचे मनोज कायंदे. याला पक्ष ‘मैत्रीपूर्ण लढत’ म्हणतात. कायंदे जिंकले आणि राजेंद्र शिंगणे यांच्यासारखा जुना मोहरा पडला. लोकसभेला तर रविकांत तुपकर कोणत्याच पक्षाच्या तिकिटाशिवाय अडीच लाखांच्या घरात गेले होते. प्रतापराव जाधव २९,४७९ मतांनी निवडून आले, तेव्हा तिसऱ्या क्रमांकावरची ही मतं विजयाच्या फरकापेक्षा कितीतरी पट जास्त होती.

या प्रत्येक ठिकाणी मतदाराने आपलं काम चोख केलं. पण त्याच्यापुढे नावं कोणती आली हे त्याला विचारून ठरलं नव्हतं. ज्या निर्णयात आपला हात नसतो, ज्याचं कारण सांगितलं जात नाही आणि ज्याच्यावर अपील चालत नाही, त्याला आपली माणसं दैव म्हणत आली आहेत. मतदारसंघातलं दैव शोधायचं तर सुपारीपेक्षा ‘बी’ फॉर्मवरच्या शाईत ते लवकर सापडेल.

दुसरी रीत नाही असं नाही. अमेरिकेत राज्याचा प्रमुख, म्हणजे गव्हर्नर, थेट लोकांतून निवडून येतो, आणि त्याआधी पक्षाचा उमेदवार कोण हेही मतदारच ठरवतात. आपल्याकडेही १९४७ मध्ये घटना समितीपुढे राज्यपाल प्रौढ मतदानाने निवडण्याची योजना होती. मे १९४९ च्या अखेरीस ती सोडून नेमणुकीची पद्धत घेतली गेली. एकाच राज्यात लोकांनी निवडलेले दोन प्रमुख झाले तर त्यांची जुंपेल, ही भीती त्यामागे होती. म्हणून आपल्या राज्यपालपदाला प्रचारही नाही आणि तिकीटही नाही.

बेळगावात वाढलेला एक मराठी माणूस मात्र त्या दुसऱ्या रीतीतून गेला आहे. श्री ठाणेदार १९७९ मध्ये अमेरिकेला गेले, रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली, कंपनी उभी केली, मंदीत गमावली, पुन्हा दुसरी उभी केली. त्यांचं मराठी आत्मकथन, शब्दांकन शोभा बोंद्रे यांचं, ‘ही ‘श्री’ची इच्छा’ या नावाने खूप वाचलं गेलं. मुखपृष्ठावर श्रेय दैवाला आणि आत पानोपानी धडपड, हे वसिष्ठांना आवडलं असतं. २०१८ मध्ये ते मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत उतरले. तिथे मतदाराला पक्षाचा सभासद असावं लागत नाही. मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने असतात, त्यातला एक निवडायचा, दोन्हीकडे खूण केली की ते मत बाद. ७ ऑगस्टला ठाणेदारांना सुमारे दोन लाख मतं मिळाली आणि तिघांत ते तिसरे आले. ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या आणि पुढे गव्हर्नर झाल्या. पराभव कुणी बंद खोलीत केला नव्हता, आकडे समोर होते. चार वर्षांनी ठाणेदारांनी डेट्रॉइट परिसरातल्या एका मतदारसंघात नऊ जणांतून, तीस टक्क्यांहून कमी मतं घेऊन, पक्षाची उमेदवारी जिंकली आणि अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये गेले.

या पद्धतीचं फार कौतुक करण्याचंही कारण नाही. २०१८ च्या त्या स्पर्धेत ठाणेदारांनी स्वतःच्या खिशातून एक कोटी डॉलरच्या आसपास पैसा घातला होता. बंद खोलीच्या जागी तिथे पैशाची थैली येते. ज्याच्याकडे थैली नाही त्याला दोन्हीकडे दैवच भेटतं.

आणि महाराष्ट्राने हा प्रयोग करून पाहिलेला आहे. २०१४ च्या लोकसभेला राहुल गांधींच्या आग्रहाने काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत उमेदवार पक्षांतर्गत मतदानाने ठरवला. त्यांत लातूर आणि विदर्भातलं वर्धा होतं. मतदार मात्र सामान्य लोक नव्हते, पक्षाचे पदाधिकारी आणि प्रतिनिधी होते. लातूरला दत्तात्रय बनसोडे निवडले गेले, वर्ध्याला सागर मेघे, तेव्हाचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव. वसिष्ठांच्या दोन मेंढ्यांपैकी कालचा मेंढा बापाचाही असू शकतो, हे योगवासिष्ठात नाही, वर्ध्यात दिसलं. दोन्ही जागा भाजपने जिंकल्या आणि प्रयोग तिथेच थांबला.

त्याही आधी, १९९९ मध्ये, विधी आयोगाने आपल्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने बंधनकारक करावी अशी शिफारस केली होती. उमेदवार कसा निवडावा हे पक्षांना सांगणारं कलम आजही कायद्यात नाही. पक्ष इच्छुकांकडून शुल्कासह अर्ज मागवतात, निरीक्षक जिल्ह्याच्या विश्रामगृहात येतात, इच्छुक कार्यकर्त्यांची गर्दी आणि कात्रणांची फाईल घेऊन मुलाखतीला बसतात. आत कुणाच्या नावापुढे काय लिहिलं गेलं ते त्यांना पुढेही कळत नाही. शेवटच्या दिवशी दुपारी अडीचला कळतं ते एवढंच, की फॉर्म दुसऱ्याच्या गाडीतून तहसीलकडे निघाला आहे.